कार्डावरचे उत्तर

१९९९ साली ब्रिटनमधल्या 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर?' या कार्यक्रमात एका स्पर्धकाला ६४ हजार पौंडांसाठी प्रश्न आला : टेनिसचा एक सेट जिंकण्यासाठी खेळाडूला सैद्धान्तिकदृष्ट्या कमीत कमी किती फटके मारावे लागतील? स्पर्धक म्हणाला, चोवीस. कार्यक्रमाच्या लेखीही बरोबर उत्तर चोवीसच होते. टाळ्या पडल्या, स्पर्धक पुढे गेला आणि सव्वा लाख पौंड जिंकला.

वरवर हिशेब ठीक वाटतो. सेटला सहा गेम, गेमला चार गुण, सहा चोक चोवीस. पण प्रश्न गुणांचा नव्हता, फटक्यांचा होता. सहापैकी तीन गेममध्ये सर्व्हिस प्रतिस्पर्ध्याकडे असते. त्याने प्रत्येक वेळी दोन्ही सर्व्हिस चुकवल्या, म्हणजे 'डबल फॉल्ट' केला, तर आपल्या खेळाडूला रॅकेट हलवावीही लागत नाही. गुण आपसूक मिळतो. उरलेल्या तीन गेममध्ये त्याची प्रत्येक सर्व्हिस परत न येणारी ठरली, की बारा फटक्यांत सेट संपला. बरोबर उत्तर बारा. प्रेक्षकांनी चूक दाखवून दिली. स्पर्धकाने जिंकलेले पैसे मात्र त्याच्याकडेच राहिले.

चूक कार्यक्रमाची, तर तिचा भुर्दंडही कार्यक्रमानेच सोसावा, हे कोणालाही पटेल. या प्रकरणाची चर्चा बहुधा इथेच संपते. मला ती इथे सुरू करावीशी वाटते. समजा, त्या खुर्चीवर टेनिस नीट समजणारा माणूस असता. त्याने दोन मिनिटे विचार करून 'बारा' म्हटले असते, सूत्रसंचालकाने खेद व्यक्त केला असता आणि तो घरी गेला असता. सदोष प्रश्नाचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. ज्याला थोडे ठाऊक आहे तो सुटतो. ज्याला जास्त ठाऊक आहे तो अडकतो. शाळांच्या प्रश्नमंजुषांसाठी प्रश्न काढताना आणि दूरचित्रवाणीवरच्या अशा वादांची टिपणे ठेवताना मला हे पुनःपुन्हा दिसत आले आहे. न्याय्यतेची चर्चा व्हायला हवी ती या अंगाने, असे माझे म्हणणे आहे.

आधी एक गल्लत दूर केली पाहिजे. प्रश्नमंजुषेतला अन्याय म्हटला की लोकांना फसवणूक आठवते, आणि त्याला कारणही तसेच आहे. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर १९५६ मध्ये 'ट्वेंटी-वन' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. दोन स्पर्धक वेगवेगळ्या काचेच्या खोल्यांत, कानाला हेडफोन, कपाळावर घाम. हा घामसुद्धा ठरवून आणलेला होता. खोलीतले वातानुकूलन बंद ठेवले जाई. हर्बर्ट स्टेम्पेल हा स्पर्धक आठवडेच्या आठवडे जिंकत होता. निर्मात्यांना आता त्याच्या जागी देखणा, कोलंबिया विद्यापीठात शिकवणारा चार्ल्स व्हॅन डोरेन हवा होता. डिसेंबर १९५६ मध्ये स्टेम्पेलला विचारले गेले, १९५५ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर कोणाला मिळाले? उत्तर होते 'मार्टी'. स्टेम्पेलने तो चित्रपट तीनदा पाहिला होता, तो त्याचा आवडता होता. पण त्याने 'ऑन द वॉटरफ्रंट' हे आदल्या वर्षीचे नाव सांगायचे, असे आधीच ठरले होते आणि त्याने ते सांगितले. व्हॅन डोरेन पुढे १,२९,००० डॉलर जिंकून घराघरांत पोचला. नोव्हेंबर १९५९ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे त्याने कबूल केले की प्रश्न आणि उत्तरे त्याला आधीच मिळत होती. १९६० मध्ये अमेरिकेने कायदा केला : ज्ञानाच्या किंवा कौशल्याच्या स्पर्धेत स्पर्धकाला गुप्तपणे मदत करून प्रेक्षकांना फसवणे हा गुन्हा.

हा कायदा चांगलाच, पण तो लबाडीचा कायदा आहे. निर्माता प्रामाणिक, स्पर्धक प्रामाणिक, आणि तरी निकाल चूक, ही स्थिती त्यात येत नाही. अशी स्थिती कितीतरी अधिक वेळा उद्भवते, आणि तिच्यासाठी काय नियम हवेत याचा विचार मात्र लबाडीच्या मानाने फारच थोडा झाला आहे. खलनायक नसलेल्या गोष्टीवर सिनेमे निघत नाहीत, हेही एक कारण असेल. 'ट्वेंटी-वन'वर रॉबर्ट रेडफर्डने १९९४ मध्ये 'क्विझ शो' हा उत्तम चित्रपट काढला. टेनिसच्या बारा फटक्यांवर कोण काढणार?

प्रामाणिक चुकीची दोन अमेरिकी उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. 'मिलियनेअर'ची अमेरिकी आवृत्ती सुरू झाली, त्या सुरुवातीच्या दिवसांत एका स्पर्धकाला विचारले गेले की अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत क्षेत्रफळाने दुसऱ्या क्रमांकाचे कोणते. तो म्हणाला, ह्युरॉन. कार्यक्रमाने सांगितले, चूक, मिशिगन. प्रत्यक्षात ह्युरॉन सुमारे ५९,६०० चौरस किलोमीटर आहे आणि मिशिगन सुमारे ५७,८००. ही चूक कशी होऊ शकते, हे समजून घेण्यासारखे आहे. पाण्याच्या घनफळाचा विचार केला तर मिशिगन दुसरे येते, कारण ते अधिक खोल आहे. 'मोठे' या एका शब्दात क्षेत्रफळ आणि घनफळ दोन्ही मावतात, आणि एका कोष्टकातला आकडा दुसऱ्या प्रश्नाला चिकटवणे सोपे असते. त्यातही जलशास्त्राचे अभ्यासक या दोन सरोवरांना एकच मानतात, कारण मॅकिनॅकच्या सामुद्रधुनीने ती जोडलेली आहेत आणि दोघांची पाणीपातळी एकच आहे. तसे धरले तर हे जोडसरोवर सुपीरिअरलाही मागे टाकते. म्हणजे भूगोल जितका जास्त माहीत, तितके जास्त पर्याय डोक्यात. या प्रकरणी कार्यक्रमाने चूक मान्य केली आणि स्पर्धकाला पुन्हा बोलावून पुढे खेळू दिले.

दुसरे प्रकरण २००० सालचे. प्रश्न होता : समुद्रसपाटीपासून सर्वांत उंचावरची राजधानी कोणती? पर्याय चार : मेक्सिको सिटी, कीटो, बोगोटा, काठमांडू. स्पर्धकाने काठमांडू निवडले. कार्यक्रमाचे उत्तर कीटो, उंची सुमारे २,८५० मीटर. स्पर्धकाचा आक्षेप असा की जगातली सर्वांत उंच राजधानी बोलिव्हियातले ला पाझ आहे, सुमारे ३,६०० मीटरवर, आणि ते पर्यायांतच नव्हते. प्रश्नात 'यांपैकी' असे म्हटलेले नव्हते. तो न्यायालयात गेला, हरला, अपिलातही हरला. काठमांडू सुमारे १,४०० मीटरवर आहे; चार पर्यायांत ते सर्वांत खाली. कोणत्याही मापाने त्याचे उत्तर बरोबर ठरत नव्हते.

इथे वाचकांपैकी बरेच जण न्यायालयाच्या बाजूने असतील. निकालापुरता मीही आहे. चुकीचे उत्तर देणाऱ्याला प्रश्न सदोष होता म्हणून बक्षीस मिळावे, हे काही पटत नाही. पण बक्षीस आणि पुन्हा संधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला ला पाझ माहीत आहे त्याचे मन त्या क्षणी काय करते, ते पाहा. तो पहिल्यांदा ला पाझ शोधतो. ते दिसत नाही. मग त्याला वाटते, प्रश्न मला कळला तसा नसावा, काहीतरी गोम आहे. तो आपल्या माहितीवरचा विश्वास सोडतो आणि प्रश्नकर्त्याच्या मनात शिरू पाहतो. ज्याला ला पाझचे नावही ठाऊक नाही, तो शांतपणे चार नावांची तुलना करतो. आणखी एक मौज आहे. बोलिव्हियाच्या घटनेनुसार राजधानी सुक्रे आहे. ला पाझ हे सरकारचे ठिकाण. सुक्रेची उंची कीटोपेक्षा थोडी कमीच भरते. म्हणजे घटनेचा काटेकोर अर्थ लावला तर कीटो हेच जगातले बरोबर उत्तर ठरू शकते! प्रश्न काढणाऱ्याने 'यांपैकी' हा एक शब्द घातला असता तर खटल्याची वेळच आली नसती.

बरोबर उत्तर पर्यायांतच नसल्याचे आपल्याला अधिक जवळचे उदाहरण 'स्लमडॉग मिलियनेअर'मध्ये आहे. २००८ च्या या चित्रपटातल्या प्रश्नमंजुषेत एका भजनाचा रचनाकार विचारला जातो आणि सूरदास हे उत्तर बरोबर धरले जाते. ते भजन वास्तविक 'नरसी भगत' या १९५७ च्या हिंदी चित्रपटातले, आणि गीतकार गोपालसिंह नेपाली. पर्यायांत सगळे संतकवीच होते. नेपालींच्या कुटुंबीयांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. चित्रपटातला नायक काल्पनिक, बक्षीस काल्पनिक, पण नाव पुसले गेले ते एका खऱ्या कवीचे. चुकीच्या उत्तराने स्पर्धकाशिवाय आणखी कोणाचे नुकसान होते, हे त्यातून दिसले. करमणुकीच्या कार्यक्रमात 'बरोबर' म्हणून जाहीर झालेली गोष्ट लक्षावधी घरांत वस्तुस्थिती होऊन बसते.

आता आपल्याकडे येऊ. 'कौन बनेगा करोडपती' ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर सुरू झाले आणि त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनी एक कोटी रुपये जिंकले. त्यांचा शेवटचा प्रश्न होता : भारतीय राज्यघटना यांपैकी कोणाला संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची परवानगी देते? उत्तर, महान्यायवादी, म्हणजे ॲटर्नी जनरल. प्रश्न काढण्याची कला शिकवायची झाली तर मी हा प्रश्न फळ्यावर लिहीन. उत्तर घटनेच्या ८८ व्या अनुच्छेदात छापलेले आहे. महान्यायवाद्याला दोन्ही सभागृहांत बोलता येते, कामकाजात भाग घेता येतो, मत देता येत नाही. 'यांपैकी' आहे, म्हणून मंत्र्यांनाही तो अधिकार आहे ही हरकत उरत नाही. 'राज्यघटना' आहे, म्हणून प्रथा-परंपरांचा प्रश्न येत नाही. एक कोटीच्या प्रश्नाला दोन दारे असता कामा नयेत. याला एकच होते.

याच संसदेवरचा दुसरा प्रश्न २०२१ च्या हंगामातला. भारतीय संसदेची प्रत्येक बैठक सामान्यतः यांपैकी कशाने सुरू होते? पर्यायांत शून्य प्रहर होता, प्रश्नोत्तराचा तास होता. बरोबर ठरवले गेले ते प्रश्नोत्तराचा तास. एका प्रेक्षकाने समाजमाध्यमावर हरकत घेतली : लोकसभा प्रश्नोत्तराने सुरू होते, पण राज्यसभेत आधी शून्य प्रहर असतो आणि प्रश्नोत्तरे दुपारी बाराला. कार्यक्रमाचे सल्लागार सिद्धार्थ बसू यांनी उत्तर दिले की चूक नाही. दोन्ही सभागृहांच्या सदस्यांसाठीच्या पुस्तिका पाहा, पीठासीन अधिकाऱ्याने वेगळा निर्देश दिला नाही तर बैठकीची सुरुवात प्रश्नोत्तराच्या तासाने होते.

बसू हे या क्षेत्रातले मोठे नाव. दूरदर्शनवरच्या 'क्विझ टाइम'पासून भारतीय प्रश्नमंजुषेला त्यांनी शिस्त लावली. त्यांनी दुर्लक्ष न करता जाहीर उत्तर दिले, हेही महत्त्वाचे. तरीही मला या वादात प्रेक्षकाची बाजू अधिक बळकट वाटते. लोकसभेच्या नियमांत बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठी राखलेला आहे, यात शंका नाही. राज्यसभेत मात्र २०१४ पासून प्रश्नोत्तरे अकराऐवजी बाराला घेतली जाऊ लागली. हमीद अन्सारी सभापती असतानाचा हा बदल. पहिल्या तासात होणारा गोंधळ प्रश्नोत्तरे गिळून टाकत होता, हे त्यामागचे कारण. 'सामान्यतः' या शब्दाने एखाद्या दिवसाचा अपवाद झाकला जातो. एका अख्ख्या सभागृहाची सात वर्षांची रीत झाकली जात नाही. 'संसदेची' ऐवजी 'लोकसभेची' म्हटले असते तर वादाला जागाच नव्हती. आणि पुन्हा तेच : राज्यसभेचे कामकाज नियमित पाहणारा माणूस त्या खुर्चीवर असता तर घुटमळला असता. शालेय नागरिकशास्त्र आठवणारा न घुटमळता पुढे गेला असता.

मराठीतून प्रश्न काढणाऱ्यांच्या वाटेवर तर असे खड्डे पदोपदी आहेत. 'पहिला' हा त्यांतला सर्वांत खोल. भारताचा पहिला चित्रपट कोणता? दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३, मुंबईचे कोरोनेशन थिएटर. पण त्याच कोरोनेशनमध्ये १८ मे १९१२ रोजी, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी, दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' दाखवला गेला होता. तो रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रीकरण होता, कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली, म्हणून त्याला पहिला भारतीय कथापट म्हणत नाहीत. ही कारणे पटोत न पटोत, त्यांना आधार आहे. पण प्रश्नात 'पूर्ण लांबीचा' आणि 'कथापट' हे शब्द नसतील, तर तोरण्यांचे नाव घेणाऱ्या मुलाला चूक म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिवजन्माच्या तारखेचेही तसेच. जेधे शकावलीतली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही राज्य शासनाने मान्य केलेली तारीख. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही दीर्घकाळ मानली गेलेली दुसरी. 'शासनमान्य' हा शब्द घातला की प्रश्न निर्वेध होतो. तो न घालता प्रश्न विचारणे म्हणजे इतिहासाचा निकाल आपणच लावणे.

काही उत्तरांना तर औषधासारखी मुदत असते. महाराष्ट्रात जिल्हे किती, याचे उत्तर ३१ जुलै २०१४ ला ३५ होते आणि दुसऱ्या दिवशी पालघर झाल्यावर ३६. एव्हरेस्टची उंची आपण ८,८४८ मीटर पाठ केली. डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून ८,८४८.८६ जाहीर केली. कार्यक्रमाचे चित्रीकरण आधी होते, प्रक्षेपण नंतर, पुनःप्रक्षेपण आणखी नंतर, आणि प्रश्नसंच त्याहूनही जुना असू शकतो.

तोंडी उत्तरांत आणखी एक प्रश्न येतो : किती उत्तर पुरेसे? 'स्मृतिचित्रे' कोणाचे, असे विचारल्यावर मूल म्हणते, 'टिळक'. लक्ष्मीबाई म्हणायचे आहे की रेव्हरंड, की थेट लोकमान्य? अशा वेळी 'कोणते टिळक?' असे विचारणे योग्यच. फक्त ते प्रत्येक संघाला सारखे विचारले पाहिजे. आवडत्या शाळेला 'हो, बरोबर' आणि दुसरीला 'नीट सांगा', हा पक्षपात करणाऱ्यालाही जाणवत नाही. अमेरिकेतल्या 'जेपर्डी!' या दीर्घायुषी कार्यक्रमात शेवटच्या फेरीचे उत्तर लिहून द्यावे लागते. तिथे नियम असा की वर्णलेखन चुकले तरी चालेल, पण वाचल्यावर उच्चार बदलता कामा नये. २०१३ मध्ये मुलांच्या स्पर्धेत एकाने 'एमॅन्सिपेशन' या शब्दात एक जादा 'टी' घातला, उच्चार बदलला, उत्तर बाद झाले. देशभर हळहळ झाली. मला निकाल कठोर वाटला, पण अन्यायाचा नाही, कारण नियम आधीपासून होता आणि सगळ्यांना तोच होता.

'जेपर्डी!'कडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे चित्रीकरणाच्या वेळी पंच हजर असतात आणि मधल्या विश्रांतीत वादग्रस्त उत्तरे तपासली जातात. गरज पडली तर गुण तिथल्या तिथे दुरुस्त होतात, आणि पंचांच्या चुकीमुळे स्पर्धकाचा खेळ बिघडला असे नंतर दिसले तर त्याला पुन्हा बोलावतात. तिथे हे जास्त गरजेचे आहे, कारण तीन स्पर्धक एकमेकांविरुद्ध खेळतात. 'करोडपती'त चूक स्पर्धकाच्या बाजूने झाली तर तोटा फक्त निर्मात्याचा, म्हणून तो उदार होऊ शकतो. जिथे समोर दुसरा स्पर्धक आहे तिथे एकाला दिलेली सूट दुसऱ्याच्या खिशातून जाते. जानेवारी २०२० मध्ये या कार्यक्रमात बेथलेहेममधल्या 'चर्च ऑफ द नेटिव्हिटी'वर प्रश्न होता. एकीने 'पॅलेस्टाइन' म्हटले, ते चूक धरले. दुसऱ्याने 'इस्रायल' म्हटले, ते बरोबर. बेथलेहेम वेस्ट बँकमध्ये आहे. गदारोळ झाल्यावर निर्मात्यांनी सांगितले की चित्रीकरणातच प्रश्नातला दोष लक्षात आला होता, तो रद्द करून दुसरा प्रश्न घेतला होता, आणि प्रक्षेपणात चुकून जुना भाग गेला. व्यवस्था जागी होती, संकलन झोपले.

न्याय्यतेची आणखी एक बाजू प्रेक्षकांच्या खिशाशी निगडित आहे. २००७ मध्ये शाहरुख खान यांच्या हंगामात 'हर सीट हॉट सीट' ही प्रेक्षकांची स्पर्धा होती. एसएमएसला २ रुपये ४० पैसे. बक्षीस मोफत भासवून ते एसएमएसच्या उत्पन्नातूनच काढले जाते, अशी तक्रार झाली. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये एक कोटीची दंडात्मक भरपाई ठोठावली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून ती रद्द केली. तो विषय मोठा आहे आणि उत्तरांच्या वादापेक्षा वेगळा, म्हणून इथेच सोडतो.

मग चुकीच्या उत्तराविरुद्ध दाद मागायची कोणाकडे? याचे आपल्या देशातले सर्वांत चांगले उत्तर दूरचित्रवाणीत नाही, परीक्षांत आहे. उत्तर प्रदेशात वैद्यकीय प्रवेशाच्या बहुपर्यायी परीक्षेत काही उत्तरे उत्तरतालिकेतच चुकली होती. विद्यार्थी पाठ्यपुस्तके घेऊन न्यायालयात गेले. कानपूर विद्यापीठाच्या या खटल्यात १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी दिलेला निकाल आजही आधार मानला जातो. उत्तरतालिका बरोबर आहे असेच धरून चालायचे. लांबलचक युक्तिवाद करून तिला चूक ठरवता येणार नाही. पण त्या विषयातला कोणताही जाणकार जे उत्तर बरोबर मानणार नाही, असे ते उघड चूक असेल, तर खरे उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षा देता येणार नाही. पुढच्या निकालांत न्यायालयाने हेही सांगितले की संशय असेल तर फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला. कसोटी कडक आहे, पण कसोटी आहे.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षा देणाऱ्यांना हे सगळे पाठ असते. आधी पहिली उत्तरतालिका येते, ठरलेल्या मुदतीत पुराव्यासह हरकती मागवल्या जातात, तज्ज्ञ त्या पाहतात, मग अंतिम तालिका. कधी उत्तर बदलते, कधी प्रश्न रद्द होतो. रद्द होण्यातही अन्याय शिल्लक राहतोच. ज्याने विचार करून त्या प्रश्नावर तीन मिनिटे घालवली त्याची मिनिटे परत मिळत नाहीत, आणि ज्याने तो सोडून दिला त्याचे काहीच जात नाही. तिथेही जाणकाराचेच जास्त जाते. पण त्याला निदान हरकत घेण्याची हक्काची मुदत आहे. दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धकाकडे असतो तो सही केलेला करार, आणि अशा करारांत साधारणतः निर्मात्याचा निर्णय अंतिम असतो. टेनिसवाल्याला आणि ह्युरॉनवाल्याला न्याय मिळाला, तो निर्मात्याच्या मोठेपणामुळे. दुसऱ्याच्या मोठेपणावर अवलंबून असलेल्या गोष्टीला हक्क म्हणता येत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो : हरकतींचे दार उघडले तर प्रत्येक हरलेला हरकत घेईल. घेईलही. पण लाखो उमेदवारांच्या परीक्षांत ही अडचण सुटली आहे. हरकतीबरोबर ग्रंथाचे पान जोडावे लागते, आणि तेवढ्यावरच बहुतेक हरकती गळतात. दूरचित्रवाणीच्या एका हंगामात हॉट सीटवर येणारे लोक त्या मानाने मूठभर. चित्रीकरण आणि प्रक्षेपण यांत दिवस असतात. स्पर्धकाला बाहेर पडताना त्याच्या शेवटच्या प्रश्नाचा आधारग्रंथ लेखी द्यावा, हरकतीला आठवडा द्यावा, कार्यक्रमाबाहेरच्या दोघा तज्ज्ञांनी ती पाहावी, आणि हरकत टिकली तर ज्या रकमेवर तो थांबला तिथून नवा प्रश्न द्यावा. खर्च होईल तो एका नव्या प्रश्नाचा. सदोष प्रश्नाला चुकीचे उत्तर देणाऱ्यालाही, ला पाझवाल्यालाही, ही नवी संधी मिळावी असे माझे मत आहे. त्याला बक्षीस देऊ नये. पण जो प्रश्न विचारायला नको होता, त्याच्यावर त्याला बादही करू नये.

आमच्या तालुक्यातल्या शालेय स्पर्धेत प्रत्येक फेरीनंतर पाच मिनिटे हरकतींसाठी ठेवतो. पंच म्हणून बसणारे आम्ही तिघे आणि समोर पुस्तकांचा ढीग. गेल्या खेपेला प्रश्नपत्रिका स्थानिक शिक्षकांनी काढली होती आणि तिच्यात 'भारतातील पहिला चित्रपट' होताच. आठवीतल्या एका मुलाने 'पुंडलिक' सांगितले, सूत्रसंचालकांनी चूक म्हटले, आणि विश्रांतीत तो दादासाहेब तोरण्यांवरचा एक जुना लेख घेऊन आमच्या टेबलाशी आला. लेख वाचला, तारीख पाहिली, प्रश्नातले शब्द पाहिले. प्रश्न रद्द करून त्याच्या संघाला दुसरा दिला. तो त्यांना आला नाही. मुलगा लेखाची घडी करून जागेवर जाऊन बसला.